हबवर ठेवलेला हात

मिस्त्रीच्या शेडमध्ये जमिनीवर एक फळी आडवी टाकलेली होती. फळीच्या अलीकडे त्याचं राज्य: जॅक, पाने, ग्रीसचा डबा, भिंतीला टेकवलेली चाकं. पलीकडे बायकोचं: शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, लांबट आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी एक खुर्ची. लग्न झालं तेव्हा दोघांच्या धंद्यांना मिळून ही एकच जागा होती, म्हणून तिचे दोन भाग झाले. फळीचा नियम एकच. ग्रीस पलीकडे जायचं नाही. मिस्त्रीला चहा हवा असला की तो फळीशी येऊन हात पुढे करून उभा राही, नदीच्या काठावर नावेची वाट बघणाऱ्या माणसासारखा, आणि ती पलीकडून पेला त्याच्या हातात देई. एकदा एका पांढऱ्या झग्यावर त्याचं बोट उमटलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती, आणि कामं तिने मुद्दाम कमी काढली होती.

मिस्त्री फक्त चाकांचं काम करी. इंजिन बिघडलं, गिअर अडकला, तर तो हाताने गल्लीच्या टोकाकडे दाखवी. तिथे बसले होते की इतर. त्याच्याकडे यायचे ते जुने ट्रक. नव्या गाड्यांना बंद डबीसारखी बेअरिंगं असतात, बिघडली की फेकायची आणि दुसरी बसवायची. त्यात माणसाला विचारण्यासारखं काही उरत नाही. पण जुन्या ट्रकचं चाक अजून हातानेच बसवावं लागतं. चाकाच्या मधोमध हब, हबच्या पोटात दोन बेअरिंगं, आणि तोंडाशी एक मोठा नट. तो नट किती आवळायचा, एवढाच सगळा प्रश्न. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं, ग्रीस जळतं आणि चालतं चाक जागच्या जागी धरून बसतं. सैल राहिला तर चाक डुगडुगायला लागतं, आणि डुगडुगता डुगडुगता एक दिवस गाडीला मागे टाकून एकटंच पुढे निघून जातं. या दोन्हींच्या मधे केसभर मोकळी जागा असते. ट्रकच्या लाइनीतले लोक तिला प्ले म्हणतात. मिस्त्री तिला काहीच म्हणत नसे. स्वतःच्या घरात अंधारातही हात बरोबर कडीवर पडतो, तशी ती जागा त्याच्या बोटांना सापडायची. आणि जे सापडतं त्याला नाव द्यायची गरज त्याला कधी भासली नव्हती.

नट बसला, तो फिरू नये म्हणून पिन घातली, हबवर टोपी ठोकली, तरी त्याचं काम संपत नसे. गाडी निघाली की तोही ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसे. गावाबाहेर वजनकाट्यापाशी रस्त्याला फाटा फुटतो, एक वाट सपाटीने जाते आणि एक घाटाकडे. तिथे गाडी उभी करायची, मिस्त्रीने खाली उतरायचं आणि हबवर तळवा ठेवायचा. गार किंवा कोमट लागला तर जा. हात ठेववत नसेल तर परत फिरा. याला सगळे ड्रायव्हर 'हात ठेवणं' म्हणत. मिस्त्रीने हात ठेवल्याशिवाय कोणी घाट चढत नसे, आणि ठेवल्यावर कोणी मागे वळून बघत नसे. मग मिस्त्री समोरून येणाऱ्या कुठल्याही गाडीत बसून घरी यायचा. त्याला सगळे ओळखत. काही जण तर त्याला नुसता तळहात वर केलेला बघूनच ब्रेक मारत.

त्या तळहाताचं काहीतरी बिनसलं होतं, हे फक्त तळहाताच्या मालकाला माहीत होतं. निदान त्याचा तसा समज होता.

थंडीच्या दिवसांत सुरुवात झाली. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. वाळूवरून पाणी ओसरतं तशी हातातली जाण मागे मागे सरकत गेली, बोटांतून तळव्यात आणि तळव्यातून मनगटाकडे. पिन हातात धरली आहे की खाली पडली आहे हे बघितल्याशिवाय कळेना. चहाचा पेला गरम की गार हे ओठांना लागेपर्यंत समजेना. मिस्त्री याबद्दल कोणाशी बोलला नाही. बोललं की ते खरं होतं, अशी त्याची एक जुनी समजूत होती. तो डोळ्यांनी काम करायला शिकला. कान लावून बघायला शिकला. शर्टाच्या बटणांशी मात्र त्याची रोज सकाळी झटापट व्हायची, आणि ती तो भिंतीकडे तोंड करून करायचा.

मग एके दिवशी शर्टाची बटणं मोठी झाली. सगळ्या शर्टांची. कोटाला असतात तशी जाड, काठ असलेली, आणि काजंही त्या मापाने नवी केलेली. बायको काही बोलली नाही. मिस्त्रीही बोलला नाही. त्याने बटणं लावली, जेवला, आणि फळी ओलांडून आपल्या बाजूला गेला.

असे दिवस चालले असताना लंबू आला.

लंबू हा ड्रायव्हर, आणि उंचीने एवढा बेताचा की स्टिअरिंगमागे बसला की बाहेरून नुसती टोपी दिसायची. म्हणूनच लाइनीत त्याचं हे नाव पडलं होतं. त्याची आणि मिस्त्रीची दोस्ती दोघांना मिशा फुटल्या तेव्हापासूनची. आपल्या ट्रकला तो म्हातारी म्हणे, आणि म्हातारीला दुसरं कोणी म्हातारी म्हटलेलं त्याला खपत नसे. या वेळी त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. घाटापलीकडे नवं इस्पितळ उभं राहत होतं आणि त्याच्या खिडक्यांच्या काचा वाहून न्यायचं काम लंबूला मिळालं होतं. काच ज्याला त्याला देत नाहीत. कारखान्याच्या माणसाने म्हातारीला चारी बाजूंनी न्याहाळून तोंड वाकडं केलं होतं, पण लंबूने त्याला सांगितलं होतं की गाडी जुनी आहे खरी, पण तिची चाकं कोणी बसवलीत ते आधी विचारा. पहिली खेप नीट पोचली तर पुढच्या सगळ्या त्याच्याच होत्या.

पुढचं डावं चाक जरा आवाज करत होतं. मिस्त्रीने ते उचललं, खोललं, बेअरिंग धुऊन पाहिलं. ठीक होतं. ग्रीस भरून त्याने सगळं परत बसवलं आणि नटावर आला.

याची रीत अशी की चाक फिरवत फिरवत नट आवळत जायचा, चाक जड होईपर्यंत, म्हणजे बेअरिंग आपल्या जागी बसतं. मग नट सोडून मागे घ्यायचा. आणि शेवटी पाना बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी फिरवत न्यायचा, कुठेतरी अगदी हलकं काही लागेपर्यंत. मिस्त्रीने बोटांनी नट फिरवला. काही लागलं नाही. आणखी फिरवला. तरी काही नाही. बहिरा माणूस मोठ्याने बोलतो तसा बधिर हात जास्त जोर लावतो, आणि आपण जोर लावतोय हे त्याला कळत नाही. नटाच्या खाचा पिनच्या भोकाशी जुळल्या नाहीत, तेव्हा त्याने पाना घेऊन नट थोडा पुढे नेला. मागे न्यायचा असतो. पुढे कधीच नाही. पण त्याला वाटलं, अजून काही लागलंच नाही तर सैलच असणार. त्याने चाक फिरवून पाहिलं. नेहमीपेक्षा ते लवकर थांबलं. नवं ग्रीस आहे, घट्ट असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगायला त्याच्याकडे त्या दिवसांत पुष्कळ गोष्टी असायच्या.

वजनकाट्यापाशी लंबूने म्हातारी उभी केली. रिकामी गाडी होती. इथून सपाटीच्या रस्त्याने काचेच्या कारखान्यात जाऊन माल भरायचा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढायचा. मिस्त्री उतरला, चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने हबवर तळवा ठेवला. काहीतरी कळेल म्हणून तो वाट बघत राहिला. नेहमीपेक्षा बराच वेळ त्याने हात तसाच ठेवला. काही आलं नाही.

"गार आहे," तो म्हणाला.

लंबूने टोपी नीट केली, वहिनींना नमस्कार सांग म्हणाला आणि गेला.

मिस्त्री दुपारी घरी आला. जेवणाआधी नळाखाली हात धूत होता. बायको टॉवेल घेऊन शेजारी उभी होती. तिने त्याचा उजवा हात धरला आणि उलटा केला. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, मोठा फोड आला होता. पांढरा आणि पाण्याने टरटरलेला.

कुठे भाजलं, असं तिने विचारलं. मिस्त्रीने फोडाकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं. सकाळपासून तो विस्तवाजवळ गेला नव्हता. वाफेजवळ नाही, चुलीजवळ नाही. तो नळाच्या ओट्यावर बसला.

"हब," तो म्हणाला. "मी गार आहे म्हणालो त्याला."

नळ तसाच वाहत होता. तो बायकोने बंद केला. फोन आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मी लावून देते," ती म्हणाली. "पण बोलायचं तुम्ही."

फोन वाजत राहिला तेवढ्या वेळात मिस्त्रीच्या मनातून पुष्कळ काही जाऊन आलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? चाक घट्ट झालंय, एवढंच सांगितलं तरी भागलं असतं. ग्रीस खराब निघालं म्हणता आलं असतं. बेअरिंगच्या गळ्यात घालता आलं असतं सगळं. पण मग पुढच्या चाकाचं काय? त्याच्या पुढच्या? घाटाच्या उताराला एखाद्या वळणावर एखादं चाक धरून बसेल आणि आत बसलेला माणूस मिस्त्रीने हात ठेवलाय म्हणून निश्चिंत असेल. लंबूने पलीकडून हॅलो म्हटलं तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"लंबू, माझ्या हाताला काही लागत नाही रे. कधीपासूनच लागत नाही. तो हब तापलेला होता."

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. लंबू म्हणाला, की तो माल भरायच्या रांगेत उभा आहे, आणि मघापासून त्याला जळक्या ग्रीसचा वास येतोय. उतरून बघावं असं दोनदा मनात आलं होतं.

"मग बघितलं का नाहीस?"

"तू हात ठेवला होतास," लंबू म्हणाला. "मला वाटलं माझंच नाक खोटं बोलतंय."

मिस्त्रीने त्याला रांगेतून बाहेर पडायला सांगितलं. हब पुरता निवू दे, पाणी टाकू नकोस, मग टोपी काढ, पिन काढ, नट एक खाच मागे घे, पिन घाल आणि हळूहळू इकडे ये. लंबूने सगळं ऐकून घेतलं. कारखान्याच्या माणसाला काय सांगू, असं त्याने विचारलं नाही. पण त्या न विचारण्याचा आवाज मिस्त्रीला फोनमधून स्पष्ट ऐकू आला.

त्या संध्याकाळी शेडमध्ये शिलाई मशीनचा आवाज नेहमीसारखा चालू होता. मिस्त्री फळीच्या अलीकडे आपल्या पान्यांकडे बघत बसला. प्रत्येक पान्याच्या दांड्यावर त्याच्या बोटांनी झिजून खळगे पडले होते. हात जाऊन हाताची जागा उरते, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं. बायकोने त्याच्या तळव्याला मलम लावलं होतं आणि वर कापडाची पट्टी बांधली होती. ती पट्टीसुद्धा त्याला दिसत होती म्हणूनच होती.

सकाळी म्हातारी रांगत रांगत आली. लंबू उतरला. तो काय बोलेल याची मिस्त्रीने रात्रभर तयारी केली होती, आणि लंबू जे बोलला त्यासाठी त्यातली एकही तयारी उपयोगी पडली नाही.

"मला सांगितलं असतंस तर मी काय गावात दवंडी पिटली असती? डॉक्टरकडे गेला होतास?"

नाही, मिस्त्री म्हणाला.

"म्हातारीचं सायलेन्सर जरा खोकलं तरी मी तिला दाखवायला नेतो. तू माझ्या ट्रकपेक्षा बरा आहेस होय?"

फळीपलीकडून बायको म्हणाली, की परवाची वेळ तिने डॉक्टरांकडे घेऊन ठेवली आहे, आणि ती काल नाही, मागच्या आठवड्यातच घेतलीये. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती.

चाक उचललं, खोललं. बाहेरचं बेअरिंग काढून मिस्त्रीने उजेडात धरलं. रोलरवर निळसर झाक आली होती; लोखंड तापून निवलं की येते तशी. त्याने ते लंबूच्या हातात दिलं आणि म्हणाला, बघून घे, हे माझ्या हाताने झालं. लंबूने बघितलं आणि बाजूला ठेवलं. आतलं बेअरिंग वाचलं होतं. बाहेरचं नवं मिस्त्रीने मांडणीवरून काढलं, त्यात तळव्याने ग्रीस दाबत दाबत भरलं, दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून वर येईपर्यंत. एवढं त्याला डोळ्यांनी करता येत होतं. सगळं जागेवर चढवलं. आणि मग तो मागे सरकून उभा राहिला.

पुढचं माझ्याने होणार नाही, असं त्याने सांगितलं. नट नुसता अडकवून ठेवतो. मोठ्या रस्त्यावर एक गॅरेज आहे, त्यांच्याकडे ढील मोजायचं घड्याळ आहे, तिथे ने.

लंबूला कारखान्याने आज दुपारपर्यंतचाच वेळ दिला होता. मोठ्या रस्त्यावरचं गॅरेज आज हातात गाडी घेणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मिस्त्रीलाही. तरी लंबू घाई कर म्हणाला नाही. तो उंबऱ्यावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

मशीन थांबलं.

"किती ढील ठेवायची असते?" बायकोने विचारलं.

सांगता येत नाही, मिस्त्री म्हणाला. हाताला कळतं.

"इतकी वर्षं करताय आणि सांगता येत नाही?"

ते खरं होतं. त्याला ते कधी कोणाला सांगावंच लागलं नव्हतं. त्याने हवेत अंगठा आणि बोट जवळ आणलं, अंतर दाखवायला. पण ते अंतर काही एका जागी थांबेना.

बायकोने मशीनच्या खालून बॉबिनची डबी काढली. दोऱ्याचं टोक धरून तिने डबी हवेत लोंबती सोडली. डबी तशीच राहिली, खाली आली नाही. मग तिने मनगटाला बारीकसा झटका दिला. डबी बोटभर घसरली आणि थांबली.

"असं?" ती म्हणाली. "आपोआप सुटत नाही, पण जरा हलवलं तर सुटते. याहून घट्ट असली तर दोरा तुटतो, सैल असली तर खाली गुंता होतो."

मिस्त्री डबीकडे बघत राहिला. ती अजून थोडी डोलत होती. इतकी वर्षं फळीच्या पलीकडे हे चाललं होतं, आणि चहाचा पेला घेताना त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"असंच," तो म्हणाला. "अगदी असंच."

बायकोने बाह्या कोपरापर्यंत सारल्या. समोर ठेवलेलं पांढरं कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. मग ती फळी ओलांडून अलीकडे आली. लंबू उंबऱ्यावरून उठून उभा राहिला.

मिस्त्री चाक फिरवत होता आणि ती पान्याने नट आवळत होती. थांब म्हणाला की थांबत होती. चाक जड झालं, तसा त्याने नट मागे घ्यायला सांगितला. आता पाना ठेव, नुसत्या बोटांनी ने. ती बोटांनी नेत गेली आणि मधेच थांबली.

"इथे काहीतरी आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"काही नाही. पण इथून पुढे काहीतरी आहे."

मिस्त्रीला हसू आलं. ही तीच जागा, असं त्याला वाटलं. पण वाटण्यावर त्याचा आता विश्वास नव्हता. नटाची खाच भोकाच्या किंचित अलीकडे राहिली होती. बायको म्हणाली, थोडंसं आवळलं की जुळेल. तो म्हणाला, मागे घे. ती म्हणाली, मग सैल होईल. तो म्हणाला, होऊ दे. तिने ओठ आवळले, कारण तिच्या धंद्यात सैल टाका म्हणजे गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही पुन्हा. मिस्त्री शांतपणे म्हणाला, की काल मीही पुढेच नेला होता. मग तिने नट मागे घेतला.

आता खरी परीक्षा होती. त्याने तिला सांगितलं, की नटाच्या मागे वॉशर आहे, तो आणि हब यांच्या मधल्या फटीवर बोटाचं टोक ठेव. त्याने टायर वर आणि खाली धरून अंगाने हलवलं. तिने डोळे मिटून घेतले. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुयांनी टोचून टोचून निबर झालं होतं. म्हणून तिने डाव्या हाताचं लावलं होतं. मिस्त्रीने पुन्हा टायर हलवलं. तो चाकाकडे बघत नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, लोक इतकी वर्षं त्याच्या चेहऱ्याकडे बघत आले होते तसा. समोरचा माणूस काय म्हणेल याची वाट बघणं म्हणजे काय, हे त्याला आज कळत होतं.

"लागतंय," ती म्हणाली.

"किती?"

ती विचार करत राहिली. "उसवायच्या आधी टाका हलतो ना. तुटत नाही, पण हलतो. तेवढं."

मिस्त्रीने टायर सोडलं. जन्मभर ज्या जागेला त्याने नाव दिलं नव्हतं, तिचं वर्णन त्याला एका वाक्यात मिळालं होतं, आणि ते बरोबर होतं. ते बरोबर आहे हे त्याच्या हातांना कळत नव्हतं, पण त्याला कळत होतं.

"पिन घाल," तो म्हणाला.

लंबू म्हणाला, वहिनी, तुम्हाला आता लाइनीत नाव द्यावं लागेल. ती म्हणाली, आधी तुमच्या टोपीला नवी पट्टी लावून घ्या, ती बघवत नाही, मग नावाचं बघू.

वजनकाट्यापर्यंत तिघंही गेले. म्हातारीच्या केबिनमध्ये तिघांना जागा होती, पण बायकोचे दोन्ही हात ग्रीसने भरलेले असल्यामुळे ती ते छातीपुढे धरून बसली होती, ओल्या रंगाच्या भिंतीजवळून जाणाऱ्या माणसासारखी. मिस्त्री पुढच्या डाव्या चाकाचा आवाज ऐकत होता. आवाज नव्हता. आवाज नसणंही ऐकावं लागतं.

फाट्यावर गाडी उभी राहिली. लंबू खाली उतरला नाही. तो स्टिअरिंग धरून समोर बघत बसला. नेहमीची रीत ती होती, आणि आज त्याने ती मोडली नाही. मिस्त्री उतरला. चाकापाशी गेला आणि सवयीने हात पुढे नेला. मग थांबला. तळव्यावरची पट्टी त्याला दिसली.

बायको त्याच्या शेजारी वाकली. तिने हबवर हात ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "ताप उतरल्यावर पोराचं कपाळ लागतं तसं."

मिस्त्रीने मान हलवली. तरी तो उठला नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात कोपराजवळ धरला. बाही मागे सारली. मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, बाळाच्या दुधाचा थेंब टाकून बघतात ती कातडी तिने हबला टेकवली.

मिस्त्री दचकला.

लोखंड कोमट होतं. कोमटपणा अगदी खरा होता. तो कातडीतून आत येत होता, हळूहळू, घरी उशिरा आलेलं माणूस चपला काढून पाय न वाजवता आत येतं तसा. त्याने हात काढला नाही. तळव्यात जी वाट बंद झाली होती ती एक वीत मागे अजून उघडी होती, आणि त्याने तिथे कधी ठोठावूनच पाहिलं नव्हतं.

"जा," त्याने लंबूला ओरडून सांगितलं. "कोमट आहे. पण माल भरून घाट चढण्याआधी एकदा थांबून वास घे. आपल्या नाकावर भरवसा ठेव."

म्हातारी निघाली. कारखान्याच्या वळणावर जाईपर्यंत दोघं तिच्या चाकाकडे बघत राहिले. ते सरळ फिरत होतं, आणि त्याच्याकडे बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मग दोघं वजनकाट्याच्या भिंतीला टेकून परतीच्या गाडीची वाट बघू लागले. बायकोचे हात अजून तसेच पुढे होते. रुमाल आणला नव्हता. फळीच्या अलीकडे एक स्टूल लागेल मला, उकिडवं बसून माझी कंबर गेली, असं ती म्हणत होती. डॉक्टरांकडे जाताना हा शर्ट नको, धुतलेला घालायचा, असंही. मिस्त्रीने शर्टाची वरची बटणं काढली, मग खालची. मोठी होती, पट्टी बांधलेल्या हातानेही निघाली. शर्ट अंगातून काढून त्याने तिच्यापुढे धरला.

"यालाच पूस."

"मीच शिवलाय तो," ती म्हणाली. "ग्रीस निघत नाही."

"नाही निघालं तर नाही."

ती बोटं पुसू लागली, एकेक करून, आधी शर्टाच्या आतल्या, शिवणीच्या बाजूला. रस्त्याच्या टोकाला एक गाडी दिसली. मिस्त्रीने हात वर केला.

"बटणं मोठी लावलीस, ते बरं केलंस," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली नाही.

"आता कळलं होय?"

"कळलं तेव्हाच होतं," मिस्त्री म्हणाला. गाडी जवळ येऊन थांबली, आणि ड्रायव्हरने दार उघडून दोघांसाठी जागा केली.